मिरची ३० पेरली, उगवली ४. बियाणं खराब होतं की माझं चुकलं?

गच्ची_कल्याण

नमस्कार सगळ्यांना, कल्याणला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर माझ्या ३५ ग्रो बॅग आहेत, सोसायटीची परवानगी घेऊन चार वर्षं करतेय. दरवर्षी नर्सरीतून रोपं आणायचे, यंदा ठरवलं की सगळं बियांपासून करायचं. पाडव्यानंतर चार दिवसांनी काळ्या सीडलिंग ट्रेमधे कोकोपीट आणि गांडूळखत घालून पेरलं. मिरची ३० टाकल्या त्यातल्या ४ आल्या. टोमॅटो २० पैकी १५ आले, तो एकच नीट. भेंडी १२ पैकी ५. धणे तर अख्खी मूठ टाकली होती, एकही वर आला नाही. कांद्याच्या पातीसाठी बी टाकलं त्याचे मोजून सात-आठ केस आले असतील.

पण सगळ्यात जास्त लागलं ते दुधीचं. आईच्या परसात जुना दुधी होता, बुटका, गोल पोटाचा, भाजी इतकी गोड की मसाला लागायचा नाही. आई तीन वर्षांपूर्वी गेली, वेल त्याच्या आधीच संपला होता, फक्त तिने कागदाच्या पुडीत बांधून दिलेलं बी माझ्याकडे राहिलं. २३ बिया होत्या. ६ पेरल्या, एकही आली नाही. आता १७ उरल्यात आणि हात लावायला भीती वाटते.

तर विचारायचं असं की विकतचं बियाणं घेताना नेमकं काय बघायचं, घरी उगवण तपासायची सोपी आणि खरी पद्धत कुठली, अर्धी उरलेली पाकिटं टाकून देऊ का, आणि एका ग्रुपवर सांगितलंय की बी पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फेकायचं आणि बुडेल ते पेरायचं, ते खरं आहे का? पाऊस तोंडावर आलाय, जूनमधे पडवळ, दोडका, काकडी लावायचेत, परत तेच नको व्हायला.

निवृत्त_बीजतपासणीस

ताई, माझी बरीच वर्षं बियाणं मोजण्यात आणि मोड आलेले दाणे चिमट्याने उचलण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक हिशोब. बाजारातलं उत्तम बियाणंसुद्धा शंभर टक्के उगवत नाही आणि तसं कुणी म्हणतही नाही. आपल्याकडे प्रमाणित (म्हणजे तपासून दाखला दिलेल्या) बियाण्याला उगवणीची किमान मर्यादा ठरवून दिलेली आहे, टोमॅटो आणि वांगं ७० टक्के, मिरची ६०, भेंडी ६५, कांदा ७०, कोथिंबीर ६५, पालक ६०, मेथी ७०, कारलं ६०. म्हणजे तुमचे २० पैकी १५ टोमॅटो हे ७५ टक्के झाले, ते मर्यादेच्या वर आहे. मिरचीच्या ३० बियांत किमान १८ यायला हव्या होत्या, ४ आल्या म्हणजे काहीतरी नक्की बिघडलंय, पण ते पाकिटात बिघडलं की ट्रेमधे हे नुसतं ट्रे बघून कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठीच तपासणी वेगळी, मातीबाहेर करायची असते.

आता पाकीट. पुढचा टपोऱ्या मिरचीचा फोटो सोडून द्या, मागची बाजू वाचा. तिथे पीक, वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधता हे असलं पाहिजे. साधारण चाचणीपासून ९ महिने वैधता असते, पुन्हा तपासणीत पास झालं तर वाढवून मिळते. लेबलच्या रंगालाही अर्थ आहे, पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळं, पायाभूतला पांढरं, प्रमाणितला निळं आणि सत्यतादर्शक म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेलं त्याला हिरवं. भाजीपाल्याच्या लहान पाकिटात बहुतेक हिरवंच दिसेल, त्यात वाईट काही नाही, फक्त तारीख बघा. नुसतं "पॅक्ड ऑन" लिहिलंय आणि चाचणीची तारीख नाही असं पाकीट मी स्वतः घेत नाही, कारण पाकीट काल भरलं तरी आतलं बी तीन वर्षांचं असू शकतं.

दुसरं म्हणजे दुकान बघा. दाराशी काचेच्या कपाटात दुपारचं ऊन पडतंय आणि तिथेच पाकिटं लटकवलीत तर वैधता शिल्लक असली तरी घेऊ नका. लेबलवरचा आकडा हा लॅबमधल्या त्या दिवशीचा असतो, त्यानंतर त्या बियाण्याने जे ऊन आणि दमटपणा खाल्ला तो कुठेच लिहिलेला नसतो. बी ही जिवंत वस्तू आहे, ती आत बसून श्वास घेते, गरम आणि दमट जागी भराभर घेते आणि आपलं अन्न संपवून बसते.

उगवण तपासायची अशी. साधे टिश्यू पेपर किंवा शाई नसलेला कागद दोन पदरी घ्या, ओला करा आणि उभा धरून पाणी निथळू द्या, दाबल्यावर बोटाभोवती पाणी साचलं तर जास्त झालं, बी गुदमरतं. त्यावर २० बिया, जास्त असतील तर ५०, एकमेकींना न टेकता ओळीत मांडा, वरून ओला कागद, सैल गुंडाळी करा आणि झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून घाला. पिशवीवर पीक, तारीख आणि संख्या लिहा. ठेवायची कुठे हे महत्त्वाचं, मिरची टोमॅटोला २५ ते ३० अंश लागतं, आत्ता मे महिन्यात घरातला सावलीचा कोपरा पुरे, गच्चीवर नाही आणि फ्रिजवर तर नाहीच. रोज एकदा उघडा, वास घ्या, बुरशी आलेला दाणा काढून टाका.

मोजायचं कधी? भेंडीची पहिली मोजणी चौथ्या दिवशी, काकडीचीही, टोमॅटोची पाचव्या, कांद्याची सहाव्या, मिरची वांग्याची सातव्या, आणि मिरची टोमॅटोची शेवटची चौदाव्या दिवशी. लोक मिरची आठव्या दिवशी फेकून देतात आणि बियाण्याला शिव्या घालतात. आणि नुसतं टोक बाहेर आलं म्हणजे उगवलं असं आम्ही धरत नाही. सरळ मूळ, त्याला बारीक लव, वर धड कोंब, असं रोप होईल तेच मोजायचं. मूळ तांबडं पडलेलं, खुंटलेलं, काचेसारखं पारदर्शक दिसणारं, हे बाद. पहिल्या मोजणीला किती आले ते वेगळं लिहून ठेवा, कारण दोन लॉट शेवटी ७० वरच थांबले तरी एकाचे साठ चौथ्या दिवशीच आले असतील तर तोच दमदार, तोच मातीत टिकेल.

२० बियांच्या चाचणीत १४ आणि १६ यात फरक मानू नका, तेवढं इकडंतिकडं नशिबाने होतं. पण २० पैकी ४ आणि २० पैकी १५ हा फरक खरा असतो.

दुधीच्या १७ पैकी सगळ्या आत्ताच लावू नका. १० तपासा, ५ बाजूला ठेवा, २ उघडून आत बघा. आतला गर पांढरा, घट्ट, तेलकट असेल तर आशा आहे, पिवळा-तपकिरी आणि सुरकुतलेला असेल तर गेलंय. लॅबमधे आम्ही टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवून बघायचो, जिवंत भाग लाल होतो आणि मेलेला पांढरा राहतो, घरी तेवढं नाही जमणार.

जुन्नरचा_शेतकरी

वरती साहेबांनी बरोबर सांगितलंय, मी शेतातलं सांगतो. आमच्याकडं सोयाबीन पेरायच्या आधी गोणपाटावर उगवण बघितल्याशिवाय तिफण बाहेर काढत नाय. गोणपाट धुवून ओलं करायचं, त्यावर दहा दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, दाणे पोत्याच्या सगळ्या भागातनं घ्यायचे, वरनं नुसते चांगले चांगले निवडून घेतले तर स्वतःलाच फसवल्यासारखं होतंय. वरून दुसरं गोणपाट, वळकटी करायची, सुतळीनं सैल बांधायचं आणि सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं, शंभर दाणे असल्यामुळं जेवढे आले तेवढे टक्के, हिशोब करायला नको. ७० आले तर नेहमीचं बी, त्याच्या खाली आले तर बी वाढवून पेरायचं, फार खाली असेल तर दुसरं बघायचं. सोयाबीनचं टरफल लई नाजूक असतंय, पोतं ट्रकमधनं खाली आदळलं तरी उगवण जाते, वरनं दाणा चांगला दिसतो पण आत चीर पडलेली असते.

म्हणून ताई उरलेली पाकिटं टाकू नका. आधी मोजा. निम्मं उगवणारं बी असेल तर एका खड्ड्यात एकाच्या जागी दोन-तीन टाका, जास्त आले तर कात्रीनं कापा, उपटू नका नाहीतर शेजारच्याची मुळं हलतात.

कांद्याचं मात्र मी लिहून देतो, जुनं उळं म्हणजे कांद्याचं जुनं बी कधी घ्यायचं नाही. कांद्याचं बी वर्षभरातच दम सोडतंय, आमच्या भागात डेंगळ्याचं (कांद्याच्या फुलाच्या दांड्याचं) नवं बी उन्हाळ्यात निघालं की तेच खरिपाच्या रोपाला वापरतात. तुमचं पाकीट मागच्या वर्षीचं असणार, बघा.

आणि धणे. स्वयंपाकघरातले टाकले का? तो धणा म्हणजे एक बी नसतंय, दोन बिया जोडून असतात, चपलेनं नाहीतर लाटण्यानं हलकं रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचं, मग पेरायचं. त्यात तुम्ही एप्रिलमधे पेरलं, तापलेल्या मातीत कोथिंबीर उगवायला नखरे करती, आम्ही पण उन्हाळ्यात सावलीचं नेट लावूनच करतो आणि १० ते १२ दिवस वाट बघतो.

बी कुठल्या झाडाचं धरायचं ते पण सांगतो कारण ते कुणी सांगत नाही. पहिलं फळ खाऊ नये बियाला ठेवावं असं जुनी माणसं म्हणायची, मी मधल्या बहरातलं ठेवतो, वेल जोरात असतो तेव्हाचं. शेवटाकडची फळं बारीक आणि त्यात बी पोचट. ज्या झाडावर व्हायरस आलाय, पानं बोकडली, भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या, त्याचं फळ कितीबी मोठं असलं तरी बियाला धरायचं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे आहेत ना, ज्यांना पद्मश्री मिळाली, त्यांनी देशी वाणांची बी जपून जपून बियाणं बँक उभी केली, आमच्या गावातल्या बायका तिकडं जाऊन बघून आल्या. आपल्या घरातलं बी आपणच धरलं तर पुढच्या साली कुणाकडं मागायला लागत नाय. फक्त पाकिटावर एफ-वन किंवा संकरित लिहिलं असेल तर त्याचं बी धरू नका, उगवतं, पण झाडं एकसारखी निघत नाहीत.

नवा_माळी_नागपूर

पाण्यात तरंगण्याचं कुणीतरी स्पष्ट सांगा ना. मी टोमॅटोच्या सगळ्या तरंगलेल्या बिया फेकल्या होत्या मागच्या महिन्यात, नंतर शेजारच्यांनी त्याच पाकिटातल्या तशाच पेरल्या आणि मस्त आल्यात त्यांच्या. मला खूप वाईट वाटतंय.

निवृत्त_बीजतपासणीस

तो नियम भाताचा आहे, भाजीला लावू नका. भाताला १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओततात, पोचट दाणे वर येतात ते काढायचे आणि खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून सावलीत सुकवायचं. भाताचा दाणा जड असतो, भरला की बुडतो, म्हणून तिथे ती पद्धत चालते. टोमॅटोच्या बियांवर बारीक लव असते, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि चांगली बीसुद्धा तरंगते. मिरची, वांगं चपटं आणि हलकं. दुधी, भोपळ्याच्या बियांत टरफल आणि गराच्या मधे जागा असते त्यामुळे त्याही तरंगतात. म्हणून तरंगणं म्हणजे मेलेलं असं नाही आणि बुडणं म्हणजे जिवंत असंही नाही, चार वर्षांचं मेलेलं बीसुद्धा पाणी पिऊन निवांत तळाला बसतं. बोटात दाबून पोचट लागलं ते काढा, बाकीचं कागदावर ठेवून बघा. तुम्ही फेकल्यात त्यात तुमचा दोष नाही, हे सगळीकडे चुकीचं पसरलंय आणि मला त्याचा फार त्रास होतो.

अजून एक, बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका, भिजवलेलं पाणी तुळशीत ओतू नका.

तळकोकण_परसबाग

मी सावंतवाडीजवळ राहतो. आमच्याकडे पाऊस लागला की चार महिने कपडे वाळत नाहीत तर बी काय वाळणार, त्यामुळे टिकवण्याचं मी थोडं लिहितो. ताईंचं खरं दुखणं मला तिथेच दिसतंय, दुधीची पुडी तीन वर्षं कुठे होती?

आमची आजी तवशाच्या (काकडीच्या) आणि दुधीच्या बिया राखेत घोळवून भिंतीला चिकटवायची, किंवा सुकलेला अख्खा दुधी चुलीच्या वर टांगून ठेवायची, धूर लागायचा, ऊब राहायची, कीड नाही आणि ओल नाही. आता चूल नाही. मी काय करतो तर बी सावलीत वाळवतो, कडक उन्हात नाही, भेंडीची शेंग वाजायला लागली आणि दुधीची बी नखाने दाबली जात नाही, वाकवली तर कटकन मोडते एवढी वाळली की मग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत. बरणीच्या तळाशी तव्यावर भाजून पूर्ण गार केलेला तांदूळ दोन बोटं, त्यावर फडकं, त्यावर बियांच्या कागदी पुड्या. तांदूळ ओल ओढून घेतो. पावसाळ्यात दर महिन्याला तांदूळ पुन्हा भाजून गार करून घालतो. मग ती बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.

एक हिशोब लक्षात ठेवायला चांगला आहे. बियांतली ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य साधारण दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की परत दुप्पट. म्हणून ओल आणि उष्णता दोन्ही एकत्र आल्या की बी किती लवकर जातं ते उलट करून बघा. नुसतं फ्रिजमधे टाकून काम होत नाही, ओलं बी फ्रिजमधे ठेवलं तर बुरशीच येते, आधी वाळवणं. आणि फ्रिजमधून काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही, दोन-तीन तास बाहेर तशीच राहू द्यायची, नाहीतर गार बियांवर हवेतलं पाणी साचतं, ग्लासवर साचतं तसं.

टोमॅटोचं बी धरणार असाल तर गरासकट एका वाटीत एक-दोन दिवस आंबू द्या, वर फेस येतो, मग चाळणीत चोळून धुवा. बियांभोवतीचं चिकट आवरण उगवण अडवतं, ते सुटून जातं. टिश्यूवर वाळवू नका, चिकटून बसतात, बशीवर पसरा.

गच्ची_कल्याण

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. वाचल्यावर उठून आधी पाकिटं काढली. मिरचीच्या पाकिटावर चाचणीची तारीख दोन वर्षांपूर्वीच्या जुलैची आहे, मी घेतलं मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत म्हणजे तेव्हाच वैधता संपत आली होती, आणि दुकानात ते बाहेरच्या स्टँडला लटकवलेलं होतं, हे मला अजून आठवतंय. आणि दादा, तुम्ही विचारलंत ती पुडी गॅसच्या वरच्या फळीवर डब्यात होती, तीन वर्षं, सगळीच पाकिटं तिथेच. रोज दोन वेळचा भात, कुकरच्या शिट्या, वाफ. मला वाटायचं कोरडी जागा आहे.

उद्यापासून सगळ्यांची चाचणी लावतेय, वहीत लिहून ठेवते आणि इथे सांगते.

गच्ची_कल्याण
(१९ दिवसांनी)

निकाल घेऊन आलेय. प्रत्येकी २० बिया, टिश्यूची गुंडाळी, बेडरूमच्या कपाटात.

मिरची: सातव्या दिवशी १, चौदाव्या दिवशी एकूण ३. म्हणजे पाकीटच गेलेलं होतं, ट्रेचा दोष नव्हता.

भेंडी: रात्रभर भिजवून ठेवली, पाचव्या दिवशी २० पैकी १५! आणि ट्रेमधे १२ पैकी ५ आली होती. इथे मात्र बी चांगलं होतं. दुपारी दोन वाजता त्या काळ्या ट्रेला हात लावून बघितला तर चटका बसला आणि सकाळी घातलेलं पाणी वरच्या थरात नावालाही नव्हतं. आता ट्रे पाण्याच्या टाकीच्या सावलीत हलवलाय, वरून ओलं फडकं टाकते आणि कोंब दिसला की काढते.

धणे: लाटण्याने फोडून, भिजवून, ११ व्या दिवसापर्यंत २० फाकींतून ९. स्वयंपाकाच्या डब्यातले होते तरी. पेरायला पाऊस स्थिरावल्यावर घेणार, आडोशाला.

कांदा: २० पैकी २. टाकून दिलं.

दुधी: दोन उघडल्या, एकीचा गर तपकिरी होता आणि एकीचा पांढरा पण सैल. १० लावल्या. सात दिवस काही नाही, आठव्या दिवशी दोन कुजल्या, मला रडू आलं. नवव्या दिवशी एकीचं टोक फुटलं. एक. मूळ सरळ आहे, पांढरं आहे, लव पण दिसतेय, साहेब तुम्ही सांगितलंत तसंच. ती मातीत लावलीय. ५ अजून शिल्लक आहेत, त्यांचं काय करू?

निवृत्त_बीजतपासणीस

ही वही तुम्ही जपून ठेवा, कितीतरी लॅबमधे इतकं नीट लिहीत नाहीत. भेंडीचा निकाल सगळ्यांनी बघण्यासारखा आहे, ही चाचणी केली नसती तर ते चांगलं पाकीट कचऱ्यात गेलं असतं.

त्या ५ बियांसाठी एकच करता येईल. जुन्या दुधीचं टरफल कडक झालेलं असतं आणि आतल्या गर्भात ते फोडायचा जोर उरलेला नसतो. बीला एक टोकदार बाजू असते, मूळ तिथून येतं, ती सोडून कडेचं टरफल नेलकटरने अगदी जरासं कापा, गराला लागू देऊ नका. कोमट पाण्यात पाच-सहा तास, जास्त नको, जुनं बी एकदम भरपूर पाणी प्यायलं तर आतून फाटतं. मग कागदापेक्षा ओलसर कोकोपीटमधे उभी, दीड-दोन सेंटीमीटर खोल, वाफसा राहील, म्हणजे ओलसर पण चिखल नाही, एवढीच ओल.

जुन्नरचा_शेतकरी

एक आली ना ताई, मग वाण गेला नाही. दुधीचं एक फळ नीट पिकलं तर त्यात शेकड्यानं बिया निघतात. आता तिला गोगलगाय आणि भुंगा यांच्यापासून सांभाळा, बाटलीचा वरचा भाग कापून टोपीसारखा ठेवा रात्री.

गच्ची_कल्याण

पाचमधली अजून एक आली! कड कापलेली होती. दोन वेल झाले, पहिल्याला चौथं पान आलंय. एक शंका, माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधे पण दुधी आहे, लांबडा, नर्सरीतला. त्याच्याशी मिसळ होऊन आईचा दुधी बदलेल का? बी धरायचं तर काय करावं लागेल?

तळकोकण_परसबाग

फळ आईच्याच दुधीचं येईल, तुम्ही खाल तो तोच. पण आतल्या बीत मिसळ होऊ शकते, बियाण्याच्या प्लॉटला या वेलवर्गात अर्धा-एक किलोमीटर अंतर ठेवतात, गच्चीवर ते अशक्य, म्हणून हाताने करायचं. दुधीवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात, मादीच्या मागे बोटाएवढा लवदार दुधी असतोच, नराचा देठ लांब आणि बारीक. फुलं संध्याकाळी उमलतात, पांढरी. त्या दिवशी दुपारी चार-साडेचारला ज्या कळ्या फुगून पांढऱ्या दिसतायत त्या ओळखायच्या, एका वेलाची मादी आणि दुसऱ्या वेलाचे दोन नर, त्यांच्या टोकाला दोरा सैल बांधायचा म्हणजे उमलणार नाहीत आणि पतंग, किडे आत जाणार नाहीत. अंधार पडताना नर फूल तोडून पाकळ्या काढा, मादीचा दोरा सोडा, परागकण मादीच्या मधल्या भागावर हलके फिरवा, दोन्ही नर वापरा, आणि मादी परत बांधा, वरून मलमलीची पिशवी. देठाला लाल धागा बांधून ठेवा म्हणजे घरातलं कुणी भाजीला तोडणार नाही. एखाददुसरं गळेल, तीन-चार फुलांवर करा. दोन वेल आलेत ते बरं झालं, एकमेकांचं लावता येईल.

जुन्नरचा_शेतकरी

आणि एका वेलावर बियाला एक, फार तर दोनच फळं ठेवा, बाकीची कोवळी काढून खा, नाहीतर बी भरत नाही. लाल धाग्याचं फळ वेलावरच वाळू द्यायचं, हिरवा रंग जाऊन पिवळट-भुरं पडलं, देठ सुकला, हलवलं की आत बी वाजलं, तेव्हा काढायचं, दिवाळी उलटून जाईल, घाई करू नका. काढल्यावर महिनाभर वाऱ्याला टांगा, मग फोडा. आणि गॅसच्या फळीवर नका ठेवू.

गच्ची_कल्याण

नाही ठेवणार. काचेची बरणी आजच धुवून उन्हात ठेवलीय, आणि लाल धागा आईच्या शिवणाच्या डब्यातला काढून ठेवलाय.